पेटीतून निघालेली वही

चोपडा तालुक्यातल्या एका वाचकांनी चार पानी पत्र पाठवलं आहे. नाव-गाव छापू नका असं त्यांनी कळवलंय, म्हणून ओळख पटेल ते सगळं गाळून सारांश देते.

वय ५७. एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, ३१ वर्षं हिशेबनीस. मुलगी सासरी, मुलगा पुण्यात नोकरीला. आठ महिन्यांपूर्वी आई गेली. गावचं धाब्याचं घर आवरताना आईच्या लोखंडी पेटीत, लुगड्यांच्या खाली, यांचीच कॉलेजातली वही निघाली. अमळनेरला शिकत असताना आवडलेल्या कविता त्यांनी तिच्यात उतरवून घेतल्या होत्या, मधे मधे स्वतःच्याही दहा-बारा. वही अर्ध्यावरच थांबलेली, मागची चाळीसेक पानं कोरी. तेव्हापासून ते पहाटे चारला उठून कविता वाचतात. वाचताना डोळे भरून येतात. पुन्हा लिहायलाही लागले आहेत. मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन कविता टाकल्या, तर जोडलेले हात आणि फुलांचे गुच्छ आले. एकाने विचारलं, "भाऊ, तब्येत बरी आहे ना?" बायको म्हणते, "हाई काय नवं खूळ आते या वयमा?" एक प्रकाशक चाळीस हजारात संग्रह काढून द्यायला तयार आहे.

पुढचं त्यांच्याच शब्दांत: "मी कवी व्हायचो, हिशेबनीस झालो. सगळं आयुष्य वजनकाट्यावर गेलं. आता नोकरी सोडून उरलेली वर्षं कवितेला द्यावीत का? की फार उशीर झाला? घरात या विषयावर बोलायला कोणी नाही. बायकोला कवितेतलं काही कळत नाही. तिला आखाजीची, कानबाईची गाणी पन्नास-साठ पाठ असतील, पण कविता म्हटली की उठून जाते." (आखाजी म्हणजे खान्देशातली अक्षय्य तृतीया, कानबाई ही इथली देवी.)

भाऊ,

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा शेवटच्या वाक्याशी अडखळले. का, ते पुढे सांगते. आधी पैशाचं उरकून घेऊ. तुम्ही हिशेबाची माणसं, ते मिटल्याशिवाय बाकीचं ऐकणार नाही.

नोकरी सोडू नका. निदान ५८ पूर्ण होईपर्यंत तरी नाहीच. भविष्य निर्वाह निधीची पेन्शन त्याआधी सुरू केली तर दर वर्षामागे ४ टक्के कापले जातात आणि ती कपात जन्मभर सोबत राहते. हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे कासाराला बांगड्या विकणं, पण पत्रात याचा एका ओळीनेही उल्लेख नाही म्हणून लिहिलं. आणि दुसरं, कवितेला आठ तास लागत नाहीत. सीझनमध्ये तुम्ही रात्री दहाला घरी येता आणि तरी पहाटे चारला वाचायला बसता असं तुम्हीच लिहिलंय. नोकरी सुटल्यावर चारला उठाल याची खात्री आहे का? माझ्या ओळखीत निवृत्त होऊन कादंबरी लिहिणारे तिघं होते. तिघंही सध्या दुपारी झोपतात.

चाळीस हजारांचं म्हणाल तर पैसे घेऊन पुस्तक काढण्यात वाईट काही नाही, पुष्कळ लोक काढतात. मात्र देण्यापूर्वी कागदावर लिहून घ्या: प्रती किती, विकणार कोण, न खपलेल्या प्रती जाणार कुठे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे. त्या खोक्यांत भरून तुमच्या दिवाणाखाली येतात. मग येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्याला एकेक भेट द्यावी लागते, आणि तोही ती वाचत नाही. तुमच्या पत्रासोबतच्या दोन कवितांपैकी एक मला आवडली, सरकीच्या ढिगावर झोपलेल्या कुत्र्याची. दुसरी 'जीवन' या विषयावर आहे. पुस्तकाची घाई नको म्हणते, ती त्या दुसरीमुळे.

अमळनेरच्या वसतिगृहात साने गुरुजी विद्यार्थ्यांसाठी 'छात्रालय' नावाचं दैनिक चालवायचे, हाताने लिहून. तुम्ही त्याच गावात शिकलात. वीस कविता स्वच्छ अक्षरात लिहा, झेरॉक्स काढा, शिवून घ्या आणि दहा जणांना द्या. खर्च हजाराच्या आत. त्या दहांतल्या दोघांनी आपणहून पुढची मागितली, तर प्रकाशकाचा विचार करू.

आता "मी कवी व्हायचो, हिशेबनीस झालो" याकडे वळते. या वाक्यात तुम्ही एक गोष्ट गृहीतच धरलीय, की वीस वर्षांचा जो मुलगा कविता उतरवून घेत होता तो कवी होणारच होता आणि कापसाने त्याला आडवं घातलं. भाऊ, वही तुमच्यासमोर आहे, जरा मोजा. तुमच्याच सांगण्यावरून तिच्यात साठेक कविता दुसऱ्यांच्या आहेत आणि दहा-बारा तुमच्या. ही वही वाचणाऱ्याची आहे. त्या मुलाला कवितेचं वेड होतं, पण ते पहिल्यांदा ऐकण्याचं आणि जपून ठेवण्याचं वेड होतं. पुढे कधीतरी आपण मनात त्याला बढती देऊन टाकली. वय झालं की आपण सगळेच असं करतो. न केलेल्या गोष्टींचा भाव नेहमीच केलेल्या गोष्टींपेक्षा चढा असतो. बहिणाबाईंनी मनाबद्दल म्हटलंय ते याच खोडीबद्दल असावं असं मला हल्ली वाटतं:

मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर
किती हाकला हाकला, फिरी येतं पिकांवर

एकतीस वर्षांचं पीक तुमच्यासमोर उभं आहे, मुलांची शिक्षणं, आईचं आजारपण, घर. आणि ते ढोर पुन्हा पुन्हा त्यात शिरून म्हणतंय, हे तुडवा, हे काही खरं नव्हे.

शिवाय काम आणि कविता यांचं वैर आपल्या मुलखात तरी मला दिसत नाही. कवी ना. धों. महानोरांनी पळसखेड्याची शेती कसत कविता लिहिली. बहिणाबाईंची गाणी तर कामातूनच निघाली, दळता दळता, पेरता पेरता. घरोट (जातं) फिरायचा थांबला असता तर घरोटावरचं गाणं कुठून आलं असतं? तुम्ही जिनिंगमध्ये आहात, तुम्हाला एक विचारते. क्विंटलभर कापसातून रुई निघते साधारण तेहतीस-पस्तीस किलो. उरलेली बहुतेक सगळी सरकी. ती कोणी फेकून देतं का? तिचं तेल निघतं, ढेप जनावरांना जाते, आणि मुख्य म्हणजे पुढच्या वर्षी पेरायला तीच लागते. तुमची कुत्र्याची कविता सरकीच्या ढिगावरच सुचली. 'जीवन' कशावरही सुचलेली नाही.

डोळ्यांतल्या पाण्याबद्दल तुम्ही दबक्या आवाजात लिहिलंय, कंसात. कंस काढून टाका. आई जाऊन आठ महिने झालेत आणि वही आईच्या पेटीत होती. तुम्ही कवितेसाठी किती रडता आणि आईसाठी किती, हे वेगळं करायला जाऊ नका. मला मात्र एक चुटपुट लागून राहिली. आईला वाचता येत होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. येत असेल तर ती वही तिने वाचली असेल. येत नसेल, तर मुलाच्या अक्षरातली वही तिने इतकी वर्षं लुगड्यांखाली नुसती सांभाळली. दुसरी शक्यता मला जास्त हलवते. मात्र झोप रोजच चारला तुटत असेल, जेवण जात नसेल, कशातच रस उरला नसेल आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर मग तो विषय कवितेचा नाही. डॉक्टरांना दाखवा. त्यात लाज कसली? बी.पी. दाखवायला जातोच ना आपण.

उशीर झाला का, असं विचारलंत. कविता लिहायला कदाचित झाला असेल, कदाचित नसेल, मला सांगता येणार नाही. वाचायला मात्र तुम्ही अगदी वेळेवर आला आहात. याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण या वयाची पुष्कळ पत्रं माझ्याकडे येतात आणि सगळ्यांना वाटतं की कविता ही तरुणपणीची गोष्ट, आता उगाच केस काळे केल्यासारखं.

मी २८ वर्षं मराठी शिकवलं. म्हणजे खरं सांगायचं तर २८ वर्षं कवितांचे तुकडे पाडले. 'कवीला काय म्हणायचे आहे?' पाच गुण. बालकवींची 'औदुंबर' किती वेळा शिकवली असेल, मोजदाद नाही. आठ ओळींची कविता. निसर्गवर्णन, रंगछटा, चेतनगुणोक्ती, संपला तास. एकदा नववीतल्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, पण तो तिथे बसलाय कशाला?" वर्ग हसला, मीही हसले. "झाड आहे ते, बसणार नाही तर काय करेल," म्हणून वेळ मारून नेली.

पंचावन्नाव्या वर्षी, माझे यजमान गेल्यानंतरच्या पावसाळ्यात, ती कविता पुन्हा हाती आली. सुरुवात तीच, ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी, निळासावळा झरा, चार घरांचं चिमुकलं गाव. मग ती पांढरी पायवाट. आडवीतिडवी पडलेली, हिरव्या कुरणांमधून निघालेली, आणि कुठे चाललीय? काळ्या डोहाकडे. इतक्या वर्षांत मी ही ओळ मुलांना रंगांची यादी म्हणून शिकवली होती. निळा, हिरवा, पांढरा, काळा. ती पायवाट काळ्याकडे चाललीय हे मला दिसलंच नव्हतं. दिसणार कसं? तेव्हा मी गावाच्या बाजूला होते. आता डोह दिसतो. आणि त्याच्या काठाशी तो औदुंबर पाण्यात पाय सोडून बसलेला, पळत नाही, कुढत नाही. त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून देता येत नाही, पण प्रश्न किती बरोबर होता ते कळलं. तो मुलगा आता कुठेतरी चाळिशीत असेल.

हे कोणी लिहिलं? धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांनी, ज्यांना १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात 'बालकवी' ही पदवी मिळाली, आणि जे १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेले तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. लिहिणारा सत्तावीसचा असू शकतो, पण वाचणाऱ्याला काही ओळींसाठी पन्नाशी ओलांडावी लागते. तुमच्या वहीत 'औदुंबर' असेलच. विशीतल्या तुमच्या अक्षरातली ती कविता आज वाचताना काय होतं, ते पाहा. जमलं तर त्या पानाच्या समासात आजची तारीख घालून एक ओळ लिहा. वहीतल्या प्रत्येक कवितेला असंच करता येईल, आठवड्याला एक. साठ कविता म्हणजे वर्षाहून जास्त काम झालं.

वाचायचं ते मोठ्याने वाचा, ही एक गोष्ट हट्टाने सांगते, तुम्हाला आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांनाच. आपली कविता मुळात तोंडाने म्हणायची आहे. मोबाइलवर अंगठ्याने सरकवत वाचली की ती बातमीसारखी उडून जाते. आठवड्यात एकच घ्या, हाताने उतरवून घ्या, फिरायला जाताना पाठ करा. पाठ होत नाही अशी तक्रार करू नका, जिनिंगचे भाव तुम्हाला गेल्या दहा वर्षांचे पाठ असतील. चष्म्याचा नंबर तपासून घ्या. हसू नका, 'कवितेत मन लागत नाही' म्हणणाऱ्या एका बाईंचा नंबर दीडने वाढलेला निघाला होता. तालुक्याच्या वाचनालयात कवितेचं कपाट बहुधा सगळ्यात मागे असतं, ग्रंथपालाला ते पुढे ओढायला लावा. धुळ्याहून पुरुषोत्तम पाटलांनी १९८५ साली 'कवितारती' सुरू केलं, फक्त कवितेला वाहिलेलं नियतकालिक. त्याचे जुने अंक कुठे मिळाले तर सोडू नका, आपल्या भागातून केवढं काम झालंय ते कळेल. आणि ग्रुपवर कविता टाकणं बंद करा. तिथे मित्र वाईट नाहीत, जागा वाईट आहे. लग्नाच्या वाढदिवसाच्या आणि दुःखद निधनाच्या मधे तुमची कविता येते. माणूस फुलं टाकून पुढे जाणार, दुसरं काय करेल?

आता ते शेवटचं वाक्य.

"बायकोला कवितेतलं काही कळत नाही. तिला आखाजीची, कानबाईची गाणी पन्नास-साठ पाठ असतील." ही दोन वाक्यं तुम्ही एकाला एक लावून लिहिलीत आणि हाताला काही टोचलं नाही? तुमच्या वहीतही साठ. त्यांच्याकडेही साठ. फरक इतकाच की तुमच्या पेटीत होत्या आणि त्यांच्या तोंडात.

आखाजीच्या झोक्यावर बाया म्हणतात ते तुम्ही जन्मापासून ऐकत आला आहात:

आथानी कैरी तथानी कैरी, कैरी झोका खाय वं
कैरी तुटनी खडक फुटना, झुयझुय पानी व्हाय वं

याच्याकडे वहीतली कविता असल्यासारखं पाहा एकदा. एवढीशी कैरी तुटते आणि तिने खडक फुटतो. फुटलेल्या खडकातून पाणी वाहतं, तेही कसं, झुयझुय. चैत्र-वैशाखात, जेव्हा खान्देशात विहिरींचे तळ दिसायला लागतात, तेव्हा माहेरी आलेली पोर झोक्यावरून हे म्हणते. कैरी कोण, खडक कोणता, पाणी कुठलं? पाच गुणांचा प्रश्न म्हणून विचारत नाही. वहिनींनी हे सासरी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्यांना काय झालं असेल, ते विचारतेय. तुम्ही त्यांना कधी विचारलंय?

'कविता म्हटली की उठून जाते' असं म्हणता. मी असते तर मीही उठले असते. पहाटे चारला दिवा लावून नवरा बसतो, डोळे पुसतो, आणि त्याच्या मते या घरात त्याच्याशी बोलण्याजोगं कोणी नाही. हे तुम्ही तोंडाने बोलला नसाल, पण तीस वर्षांच्या संसारात न बोललेलंही ऐकू येतं. त्यांचं 'खूळ' हा शब्द कवितेबद्दल आहे की त्या बंद दाराबद्दल, मला शंका आहे.

बहिणाबाई १८८० साली जळगावजवळच्या आसोद्याला जन्मल्या. अक्षरओळख नाही. ऐन तिशीत वैधव्य आलं. गाणी रचत राहिल्या, म्हणत राहिल्या. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी त्यातली काही वेळोवेळी टिपून ठेवली. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्र्यांनी हे बावनकशी सोनं आहे म्हणून उचलून धरली, आणि १९५२ साली पुस्तक आलं. जे टिपलं नाही ते त्यांच्याबरोबरच गेलं. या गोष्टीतला सोपानदेव मला नेहमी जास्त जवळचा वाटतो. ते स्वतः नावाजलेले कवी होते. तरीही महाराष्ट्रावर त्यांचं सगळ्यात मोठं देणं कोणतं, असं विचारलं तर बहुतेक लोक त्यांची कविता सांगणार नाहीत, आईची सांगतील.

तुमची बायको बहिणाबाई आहे असं मी म्हणत नाहीये. त्या जी गाणी म्हणतात ती त्यांनी रचलेलीही नसतील. पण कुठल्यातरी आजीने त्यात एखादं कडवं घातलं असेल, गावागणिक शब्द बदलला असेल, आणि तो बदल फक्त त्यांच्याकडे असेल. तुमच्या सुनेला हे येणार नाही, हे मला न विचारताही कळतं. विशीत जो मुलगा दुसऱ्यांच्या कविता जपून उतरवून घ्यायचा, त्याला ३१ वर्षं आकडे अचूक उतरवायची सवय लागलीय. एक मात्रा चुकू न देता लिहून घेणारा माणूस याहून चांगला कुठे मिळणार?

फक्त एक सांभाळा. वही-पेन घेऊन समोर बसून "हं, म्हण" असं म्हणू नका. गाणं असं येत नाही, आणि वहिनी पुन्हा उठून जातील. आता सीझन उतरला असेल, तुम्ही संध्याकाळी घरी असाल. पापड-कुरडयांचे दिवस आहेत, हाताशी बसा, पाटावर लाटी ठेवून द्या. त्या गुणगुणतीलच. पहिल्या दिवशी काही लिहू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एखादा शब्द अडला म्हणून विचारा, खरंच अडलेला. अहिराणीत तुम्हाला न कळणारे निदान दहा तरी निघतील, कारण त्यांचं माहेर तिकडे शिंदखेड्याकडचं, तुम्हीच लिहिलंय. आणि कधीतरी, त्यांनी विचारलं तर, तुमची ती कुत्र्याची कविता म्हणून दाखवा. 'जीवन' नको.

उतरवून घ्याल ते बोलीत जसं आहे तसंच घ्या. 'पानी'चं 'पाणी' करू नका, तो मोह तुम्हाला होणार, सुशिक्षित माणसाला होतोच. गाण्याखाली कोणाकडून शिकल्या ते लिहा, आजी, मामी, शेजारीण, कोण असेल ती, आणि गावाचं नाव. फोनवर आवाज रेकॉर्ड केलात तर उत्तम, पण त्यांना सांगून. नवी वही आणायची गरज नाही. जुनीत चाळीस पानं कोरी आहेतच. शाईचं पेन मात्र वापरू नका, कुरडयांचे ओले हात लागले की पसरतं. बॉलपेनने लिहा.